बँक आणि बोर्ड: दोन सोप्या इंग्रजी शब्दांचे अर्थ कसे उलगडायचे

मराठी मीडियममधून शिकून आता स्पर्धा परीक्षेसाठी जळगाव नाहीतर धुळ्याच्या अभ्यासिकेत बसलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय, पण ज्याला कोणाला इंग्रजी उतारा वाचताना "शब्द तर सगळे येतात, मग वाक्य का लागत नाहीये" असं होतं त्या सगळ्यांच्या कामाचं आहे. खरा त्रास सोप्या शब्दांचा असतो भो. अवघड शब्द आला की आपण लगेच मोबाइल काढतो, अर्थ बघतो, वहीत लिहितो. बँक, बोर्ड, टेबल, लाइन असलं काही आलं की बघतच नाही, कारण ते लहानपणापासून तोंडात आहेत, आणि नेमका तोच शब्द तिथं तिसऱ्याच अर्थाने बसलेला असतो.

म्हणून आज फक्त दोनच शब्द घेऊ, बँक आणि बोर्ड. हीच जोडी का, तर दोन्ही रोजचे आहेत, दोन्हीचे भरपूर अर्थ आहेत, आणि दोन्हींच्या इतिहासात लाकडी सामान आहे, पण दोघांची घडण एकदम वेगळी आहे. ती घडण एकदा लक्षात आली की पुढे कुठलीही जोडी तुम्ही स्वतः सोडवू शकता, क्लासला जायची गरज नाही.

लागणार काय? एक वही, एक बऱ्यापैकी डिक्शनरी (अ‍ॅप असलं तरी चालेल, फक्त एकेका शब्दाला एकच अर्थ देणारं भाषांतराचं अ‍ॅप नको) आणि एक निवांत संध्याकाळ.

पायरी १. आधी घरातला साठा काढा

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे बँक, उजवीकडे बोर्ड. डिक्शनरी अजून उघडायची नाही. आपल्या गावात, घरात, शाळेत हे शब्द कुठंकुठं वापरतात ते सगळं लिहून काढा, कितीही फालतू वाटलं तरी.

बँकेखाली जिल्हा बँक येईल, ब्लड बँक, क्वेश्चन बँक, पॉवर बँक, निवडणुका आल्या की व्होट बँक, आणि घरात कोणी वायरमन किंवा सबस्टेशनला असेल तर कपॅसिटर बँक पण येईल. बोर्डाखाली तर लाइनच लागेल: दहावी-बारावीचं बोर्ड, म्हणजे आपल्यासाठी नाशिक विभाग कारण जळगाव, धुळे, नंदुरबार तिघं त्याच्यातच येतात, मग भिंतीवरचा लाइटीचा बोर्ड, दुकानाचा बोर्ड, कॅरम बोर्ड, एसटीचा बोर्ड जो वाचून आपण चोपड्याच्या गाडीत बसतोय का यावलच्या ते ठरवतो, रेल्वे बोर्ड, क्रिकेट बोर्ड, कीबोर्ड, आणि आजोबा ज्या बोर्डिंगमध्ये राहून शिकले ते बोर्डिंग.

आता दोन्ही बाजू जरा लक्ष देऊन बघा. बँकेच्या बाजूला नदी कुठंच नाही! तापी आहे, गिरणा आहे, धुळ्याची पांझरा आहे, सगळ्यांना काठ आहे, पण तापीच्या बँकेवर फिरायला गेलो असं आपल्याकडे कोणीच म्हणत नाही. म्हणजे मराठीने इंग्रजी बँकेतला पैशाचा आणि साठ्याचा भाग उचलला आणि नदीचा भाग तिथंच सोडला. उताऱ्यात फसायचं ठिकाण हेच. बोर्डाचं उलट आहे, ते जवळपास अख्खंच्या अख्खं आपल्याकडे आलं, फक्त त्यातला जेवणाचा अर्थ बोर्डिंगच्या आत लपून आला, त्याच्याकडे येतोच पुढे.

ज्या जागा रिकाम्या राहिल्या तिथं लाल पेनाने प्रश्नचिन्ह टाकून ठेवा.

पायरी २. डिक्शनरीत नोंदी मोजा, अर्थ नंतर

आता डिक्शनरी उघडा, पण सवयीप्रमाणे पहिला अर्थ वाचून बंद करू नका. आधी बघा की हा शब्द वेगवेगळ्या किती नोंदींत दिलाय. नोंद म्हणजे ठळक अक्षरात लिहिलेला मूळ शब्द, ज्याच्या डोक्यावर किंवा शेजारी बारीक १, २, ३ असा आकडा असतो. बऱ्याच चांगल्या कोशांत बँक दोन नाहीतर तीन वेळा भेटेल: एक नदीकाठवाली, एक पैशांवाली, एक रांगेच्या अर्थाची. (विद्यार्थ्यांसाठीच्या काही छोट्या कोशांत सगळं एकाच नोंदीत कोंबलेलं असतं, तसं असेल तर जरा मोठा कोश बघा.) बोर्ड मात्र एकदाच भेटेल आणि त्याच्याखाली अर्थांची मोठी यादी असेल.

हा फरक म्हणजे सगळ्या लेखाचं मूळ आहे, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. बोर्ड म्हणजे केळीचा एक कंद, त्यालाच चारी बाजूंनी पिलं फुटलेली, कुठलंही पील उकरा, खाली त्याच कंदाला जाऊन लागतं. बँक म्हणजे जवळजवळ लावलेली दोन-तीन वेगळी खोडं, वरून पानं एकमेकांत इतकी घुसलेली की रावेरचा मुरलेला शेतकरी सुद्धा लांबून एकच झाड समजेल. भाषाशास्त्रवाले पहिल्याला अनेकार्थी शब्द म्हणतात आणि दुसऱ्याला समरूप शब्द. परीक्षेत ही नावं विचारतीलच असं नाही, पण अभ्यासाची पद्धत बदलते. अनेकार्थी शब्दात एका अर्थावरून दुसऱ्या अर्थाकडे जायला रस्ता असतो, तो शोधला की पाठांतर वाचतं. समरूप शब्दात तसा रस्ता शोधत बसलात तर डोकं दुखेल, तिथं दोन वेगळे शब्द म्हणूनच लक्षात ठेवायचं.

अजून एक, अर्थांचा क्रम. ऑक्सफर्डचा जो भला मोठा कोश आहे तो अर्थ इतिहासाच्या क्रमाने देतो, जुना आधी. विद्यार्थ्यांचे कोश साधारण जास्त वापरातला अर्थ आधी देतात. त्यामुळे "पहिला अर्थ तोच खरा" असं काही नसतं.

पायरी ३. मूळ शोधा

इथं जरा वेळ काढा, सगळ्यात मजा इथंच आहे.

नदीकाठवाली बँक इंग्रजीत उत्तरेकडून आली, स्कँडिनेव्हियातून जे नॉर्स लोक इंग्लंडमध्ये घुसले त्यांच्या भाषेतून. अर्थ काय, तर मातीचा उंचवटा, उतार, बांध. यातूनच नदीचा काठ, वाळूचा सँडबँक, धुक्याचा ढीग म्हणजे फॉग बँक, आणि रेल्वेलाइनखाली जो मातीचा भराव असतो तो एम्बँकमेंट. सायन्सवाल्यांनी फिजिक्सला "बँकिंग ऑफ रोड्स" केलंय ना, वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचलून उतार देतात ते? त्याचा पैशांशी काडीचा संबंध नाही, तो याच उताराच्या बँकेचा भाऊ.

पैशांवाली बँक दक्षिणेकडून आली, इटलीतून फ्रेंचमार्गे. इटालियन भाषेत बांका म्हणजे बाकडं किंवा टेबल, ज्याच्यावर नाणी मांडून पैसे बदलून देणारे लोक बसायचे. म्हणजे बसायच्या-मांडायच्या जागेवरून धंद्याचं नाव पडलं. आपल्या जळगावच्या सराफ बाजारात "गादी" कशी, बसायची गादी पण तीच आणि पिढीजात धंद्याची गादी पण तीच, तसंच हे. दिवाळखोर या अर्थाचा बँकरप्ट हा शब्द सुद्धा याच बांकापासून, इटालियनमध्ये त्याचा सरळ अर्थ मोडलेलं बाकडं.

मग पैसे साठवायची जागा म्हणून बँक पक्की झाली, आणि "साठवून ठेवायचं, लागलं की काढायचं" एवढा एकच गुण उचलून बाकीच्या बँका तयार झाल्या. ब्लड बँक हे नाव अमेरिकेत शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये १९३७ साली बर्नार्ड फँटस या डॉक्टरांनी वापरलं, तिथून जगभर गेलं. सीड बँक, आय बँक, क्वेश्चन बँक, पॉवर बँक सगळ्या त्याच ओळीतल्या.

तिसरी बँक फ्रेंच लोकांच्या बाकड्यावरून आली, जुन्या मोठ्या होड्यांत वल्हवणारे लोक ज्या बाकांवर ओळीने बसायचे ते बाक. त्यावरून वल्ह्यांची रांग आणि मग कुठल्याही सारख्या वस्तूंची रांग: बँक ऑफ स्विचेस, बँक ऑफ मॉनिटर्स. सबस्टेशनमधली कपॅसिटर बँक या रांगेतली आहे. खूप जणांना वाटतं तिथं करंट "जमा" करतात म्हणून बँक, पण नाव पडलंय ते एकत्र जोडलेल्या कपॅसिटरच्या गटावरून.

आता एक गंमत. ही तिन्ही खोडं फार फार मागे नेली तर एकाच जुन्या जर्मानिक मुळाला जाऊन भिडतात, बेंच हा शब्द पण त्याच मुळाचा. मग कोशात वेगळ्या नोंदी का? कारण इंग्रजीत ते वेगळ्या वाटांनी, वेगळ्या काळात आले आणि आज इंग्रज माणसाला सुद्धा त्यात नातं जाणवत नाही.

बोर्डाकडे या. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी. फळी आडवी ठेवली की टेबल झालं, आणि टेबलपासून दोन फांद्या फुटल्या.

एक फांदी जेवणाची. टेबलवर जेवण मांडतात, म्हणून बोर्ड म्हणजे रोजचं जेवण. "रूम अँड बोर्ड" म्हणजे राहायची खोली आणि जेवण. बोर्डिंग स्कूल म्हणजे जिथं राहणं-खाणं शाळेत. हॉटेलच्या वेबसाइटवर "फुल बोर्ड" लिहिलेलं असेल तर तिन्ही वेळचं जेवण धरून भाडं, "हाफ बोर्ड" असेल तर नाष्टा आणि एक जेवण, बहुतेक रात्रीचं. लहानपणापासून बोर्डिंग म्हणतो आपण, पण त्यातला बोर्ड म्हणजे भाजी-भाकरी आहे हे कोणी सांगत नाही.

दुसरी फांदी माणसांची. टेबलभोवती बसून निर्णय घेणारी माणसं म्हणजे बोर्ड. रेल्वे बोर्ड १९०५ साली झालं, क्रिकेट बोर्ड १९२८ साली, दोन्हीतला बोर्ड हाच. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली आणि पुढे विप्रो झाली, तिच्या बातम्यांत "द बोर्ड अप्रूव्ड" असं येतं ते संचालकांबद्दल. मराठीने याच्यासाठी मंडळ शब्द घेतला, गोल करून बसलेली माणसं, इंग्रजीने मधलं लाकूड धरून ठेवलं. दहावीचं बोर्ड म्हणजे पण मंडळच, तरी गावाकडे बोर्डाचा पेपर म्हटलं की डोळ्यासमोर फळा येतो तो भाग वेगळा.

फळी उभी लावली की फळा, नोटीस बोर्ड, दुकानाचा बोर्ड. चौकोनी कापली की कॅरम आणि बुद्धिबळ. कप ठेवायची फळी म्हणजे कपबोर्ड, आता दारं लागून कपाट झालंय आणि उच्चार कबर्ड असा करायचा, प म्हणायचाच नाही. डॅशबोर्ड तर भारीच आहे: घोडागाडीत पुढे एक फळी लावायचे, घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल अंगावर येऊ नये म्हणून, आणि आता तोच शब्द मोबाइलमधल्या आकडेवारीच्या स्क्रीनला लागलाय.

राहिलं जहाज. जहाजाची कड, बाजू हा सुद्धा बोर्ड. ओव्हरबोर्ड म्हणजे कडेवरून पाण्यात, स्टारबोर्ड म्हणजे जहाजाची उजवी बाजू कारण पूर्वी सुकाणूचं वल्हं त्या बाजूला असायचं, आणि ऑन बोर्ड म्हणजे जहाजावर चढलेला. हा कडेचा धागा फळीच्या धाग्यापेक्षा मुळात वेगळा मानतात, पण हजारभर वर्षांपूर्वीच दोन्ही इतके मिसळले की कोशवाले एकाच नोंदीत ठेवतात. जहाजावरून तो रेल्वेत आणि विमानात आला. तुमच्या रिझर्व्हेशनच्या तिकिटावर बोर्डिंग समोर भुसावळ लिहिलेलं असतं, त्याचा फळीशी, जेवणाशी, वसतिगृहाशी संबंध नाही, गाडीत चढायचं स्टेशन एवढंच.

आणि याच कडेच्या अर्थावरून समुद्रकिनाऱ्याला सीबोर्ड म्हणतात! बघा आता, नदीचा काठ तो बँक आणि समुद्राचा काठ तो बोर्ड. पायरी १ च्या पानावर हे दोन समोरासमोर लिहून ठेवा, दोन्ही शब्द एकमेकांच्या इतके जवळ दुसरीकडे कुठं येत नाहीत.

पायरी ४. शेजारी बघा

परीक्षेत मूळ शोधायला वेळ नसतो, तिथं शेजारचे शब्द कामाला येतात. सगळ्यात आधी त्याच्या मागचा छोटा शब्द बघा, ऑन, इन, अ‍ॅट, द. हे आपण वाचताना गिळून टाकतो.

"ऑन द बँक" असेल तर शंभरात नव्वद वेळा नदी. "इन द बँक" असेल तर पैसा. "अ‍ॅट द बँक" म्हणजे बँकेत काहीतरी कामाला गेलेला माणूस. अनेकवचनात "द बँक्स ऑफ" आणि पुढे नदीचं नाव आलं की प्रश्नच मिटला. "द रिव्हर बर्स्ट इट्स बँक्स" म्हणजे नदीने पात्र सोडलं, पूर आला. हे वाक्य पावसाळ्यात इंग्रजी पेपरात हमखास येतं आणि नवशिके "नदीने बँका फोडल्या" असा अर्थ लावून बसतात, विनोद नाही, खरंच.

बोर्डात सगळा खेळ "द" चा आहे. "ही इज ऑन बोर्ड" म्हणजे तो गाडीत, जहाजात, विमानात चढलाय, किंवा ऑफिसच्या भाषेत तो आपल्या ठरावाला तयार आहे. "ही इज ऑन द बोर्ड" म्हणजे तो संचालक मंडळावर आहे. त्याच जागी "इट इज ऑन द बोर्ड" आलं तर फळ्यावर किंवा नोटीस बोर्डवर लिहिलंय. एका "द" ने माणूस रेल्वेच्या डब्यातून उचलून मीटिंगच्या खुर्चीत बसवला.

क्रियापदं पण बघा. बोर्ड भेटत असेल, ठरवत असेल, राजीनामा मागत असेल तर ती माणसं आहेत. ब्रिटिश इंग्रजीत अशा वेळी क्रियापद अनेकवचनी पण चालतं, "द बोर्ड हॅव डिसायडेड", ते चूक समजून खोडू नका. बोर्ड टांगलेला, रंगवलेला, पुसलेला असेल तर वस्तू.

याच पायरीत एक भूगोलाचा मुद्दा, कारण एमपीएससीवाल्यांना लागतो. नदीचा राइट बँक आणि लेफ्ट बँक कसा ठरवायचा? पाणी ज्या दिशेने वाहतंय तिकडे तोंड करून उभं राहायचं, उजव्या हाताला राइट बँक. तापी पश्चिमेला वाहते, म्हणजे तुमचं तोंड सुरतेकडे, उजव्या हाताला उत्तर आणि सातपुडा. म्हणून रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा राइट बँकेच्या बाजूचे आणि भुसावळ, जळगाव, अमळनेर लेफ्ट बँकेच्या बाजूचे. नकाशावर डावी-उजवी बाजू बघून उत्तर लिहाल तर गेला मार्क. गिरणेवर जामद्याचा डावा कालवा, उजवा कालवा म्हणतो ते पण याच नियमाने, इंग्रजी रिपोर्टात त्यालाच लेफ्ट बँक कॅनॉल लिहितात.

पायरी ५. "अँड" लावून बघा

दोन अर्थ खरंच वेगळे आहेत का एकाच अर्थाच्या दोन छटा आहेत हे कळत नसेल तर दोन्ही अर्थ "अँड" ने एकाच वाक्यात बांधायचे. वाक्य साधं वाटलं तर एकच कुटुंब, हसू आलं तर वेगळे अर्थ.

"द बँक इज क्लोज्ड टुडे अँड हॅज रेज्ड इट्स रेट्स." पहिल्या भागात बँकेची शाखा, दुसऱ्यात संस्था, तरी कोणी हसत नाही. म्हणजे इमारत आणि संस्था या एकाच अर्थाच्या दोन बाजू. आता "द बँक इज मडी अँड गिव्ह्ज क्रॉप लोन." चिखलाने भरलेली आहे आणि पीककर्ज देते! हसलात ना? वेगळे अर्थ.

बोर्डावर लावा: "द बोर्ड इज मेड ऑफ टीकवुड अँड मीट्स ऑन फ्रायडे." सागवानी मंडळ दर शुक्रवारी भेटतं. इथं पण हसू आलं, म्हणजे बोर्ड एकाच कंदाचा असला तरी आजच्या वापरात फळी आणि मंडळ वेगळे झालेत. ही चाचणी आजचा वापर सांगते, नातं सांगत नाही. नातं बघायला पायरी २ आणि ३.

पायरी ६. जोडशब्दात शेवटचा मालक

दोन नामं जोडून आली की शेवटचं नाम मुख्य, आधीचं त्याचं वर्णन. ब्लड बँक ही एक बँक आहे, बोर्ड मीटिंग ही मीटिंग आहे, बोर्ड गेम हा गेम आहे. रिव्हर बँक म्हणजे काठ, पण रिव्हर बोर्ड म्हणजे नद्यांच्या कारभारासाठीचं मंडळ, आपल्या देशात १९५६ चा रिव्हर बोर्ड्स अ‍ॅक्ट आहे तो याच अर्थाने. बँक बोर्ड म्हटलं की बँकेचं संचालक मंडळ, ज्याच्या निवडणुकीत पॅनल पडतात आणि गावात दोन महिने चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. सुट्टीत व्यापार खेळला असाल तर एकाच खेळात दोन्ही भेटलेत, पुठ्ठ्याचा बोर्ड आणि नोटा वाटणारी बँक. "ब्रेक द बँक" हा वाक्प्रचार तसल्याच बँकेतून, म्हणजे जुगारात डाव चालवणाऱ्याकडे जो पैसा असतो त्यातून आलाय: कोणी इतकं जिंकलं की ती बँकच रिकामी. आता तो "खिसा रिकामा करेल इतकं महाग" या अर्थाने वापरतात, आणि जास्त करून नकारात, "इट वोन्ट ब्रेक द बँक."

वाक्प्रचार दोन-चारच सांगतो, बाकी वाचता वाचता भेटतील. "बँक ऑन" म्हणजे भरवसा ठेवणे. "अबव्ह बोर्ड" म्हणजे उघड, प्रामाणिक व्यवहार, पत्ते खेळताना हात टेबलच्या वर ठेवले की लबाडी करता येत नाही त्यावरून. "अक्रॉस द बोर्ड" म्हणजे सरसकट, कर्जमाफीच्या बातमीत हा शब्द आला तर नीट वाचा कारण अख्खी बातमी त्याच्यावर फिरते. "गो बाय द बोर्ड" म्हणजे बेत सोडून द्यावा लागणे, जहाजाच्या कडेवरून पाण्यात गेलं तसं.

जिथं पाय घसरतो

बँक हॉलिडे. आपल्याकडे याचा अर्थ बँकेला सुट्टी, २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार पण त्यात आला. ब्रिटनमध्ये बँक हॉलिडे म्हणजे साधारण सगळ्यांनाच सार्वजनिक सुट्टी, तिथं १८७१ साली कायद्याने बँकांना ठराविक सुट्ट्या दिल्या आणि हळूहळू सगळा देश त्या दिवशी बंद राहायला लागला. उताऱ्यात "बँक हॉलिडे वीकेंड" आलं तर लोक फिरायला निघालेत असं समजा.

बोर आणि बोर्ड. "मला कंटाळा आला" यातला बोर्ड आणि फळीवाला बोर्ड यांचा उच्चार सारखा, स्पेलिंग वेगळं. व्हॉट्सअ‍ॅपवर "आय अ‍ॅम बोर्ड" लिहिताना निम्मं जळगाव फळी होऊन बसलेलं असतं. तसंच बोर्डर आणि बॉर्डर: पहिला म्हणजे पैसे देऊन राहणारा-जेवणारा, दुसरी म्हणजे सीमा, मराठीत लिहिताना दोन्ही जवळजवळ एकसारखे दिसतात म्हणून गोंधळ होतो.

व्होट बँक हा शब्द जगभरच्या इंग्रजीत आपल्या अर्थाने सगळ्यांना कळेलच असं नाही, तो भारतीय राजकारणाच्या चर्चेत रुळलेला शब्द आहे, समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५० च्या दशकात वापरला तिथून. "बोर्ड एक्झाम" पण भारतातच जास्त कळतं.

आता सराव करा

पुढची वाक्यं वाचा, आधी शेजारी बघा, मग नोंद, मग अर्थ वहीत लिहा. उत्तरं खाली दिली आहेत पण लगेच बघू नका.

अ) "द व्हिलेज स्टँड्स ऑन द राइट बँक ऑफ द तापी."
आ) "शी पेज फाइव्ह थाउजंड अ मंथ फॉर बोर्ड अँड लॉजिंग."
इ) "अ बँक ऑफ स्विचेस कव्हर्ड द वॉल."
ई) "द बँक्स बोर्ड मेट ऑन मंडे."
उ) "ऑल पॅसेंजर्स ऑन बोर्ड वेअर सेफ."
ऊ) "डोन्ट बँक ऑन द मान्सून."

अ मध्ये काठ, उत्तरेचा. आ मध्ये बोर्ड म्हणजे जेवण आणि लॉजिंग म्हणजे राहणं, हे दोन शब्द जोडीने आले की फळी डोक्यात आणायचीच नाही. इ मध्ये तिसरी बँक, रांग. ई मध्ये पैशांची बँक आणि तिचं मंडळ, बाकड्याचं टेबल म्हणा हवं तर. उ मध्ये "द" नाही म्हणून गाडी, विमान किंवा जहाज. ऊ मध्ये क्रियापद, पावसाच्या भरवशावर राहू नका, हे खान्देशातल्या कापूसवाल्याला वेगळं शिकवायला नको.

सहाच्या सहा जमले तर पुढची जोडी घ्या, बेंच आणि टेबल. बेंचपासून सुरुवात करा, शाळेतला बाक आणि हायकोर्टाचं खंडपीठ यांच्यातला रस्ता काढा, आपल्या तिन्ही जिल्ह्यांच्या केसेस औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या ज्या बेंचपुढे जातात ते. टेबलमध्ये पाढे, तक्ता आणि जेवणाचं टेबल हे एकाच नोंदीत आहेत का वेगळ्या ते तपासा. आणि "टेबल अ मोशन" हे क्रियापद मुद्दाम बघा, ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ ठराव चर्चेला मांडणे आणि अमेरिकेत ठराव बाजूला ठेवणे, त्यामुळे बातमी कुठल्या देशाची आहे ते आधी वाचायचं आणि मगच उत्तराला गोल करायचा.